पन्नाशी-साठीनंतरची सायकल: हँडल, सीट आणि अंगदुखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात फिटर म्हणून माझी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर वडगावातल्या घरापुढे शेजारपाजारच्यांच्या सायकलींचं हँडल-सीट बसवून द्यायला लागलो, आणि आता रविवारी सकाळी येळ्ळूर, धामणे, अनगोळ, मजगावकडची माणसं सायकल घेऊन येतात. बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे. कुणी दुधाचे कॅन घालतो, कुणी शेताला जातो, कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सकाळी फिरतो. प्रश्न मात्र तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत.

मान धरते, हात बधिर होतो. वय झालं, आता सायकल सोडू काय?

एवढ्यात सोडू नका. हँडल दोन बोटं वर घ्या, आठ-दहा दिवस चालवा आणि मग ठरवा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांची सायकल वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली असते आणि सीट-हँडल तेव्हा बसवलं तिथंच असतं. माणूस पस्तिशीचा होता तो साठीचा झाला, सायकल तशीच राहिली. पायातला जोडा चावायला लागला तर आपण चालणं सोडत नाही, जोडा बदलतो. इथं तर सायकलही बदलायला लागत नाही. एक पाना आणि अर्धा तास पुरतो.

वयामुळे अंगात नेमकं काय बदलतं?

कंबरेतून वाकणं कमी होतं. मान मागे वळायला कुरकुरते. खांद्याची हालचाल आखडते, मुठीतला जोर घटतो, तोल सावरायला क्षणभर जास्त लागतो. चाळिशीनंतर उंचीसुद्धा दर दहा वर्षांत साधारण एक सेंटिमीटरने कमी होते. ही उंची मुख्यतः पाठीच्या कण्यातून जाते. म्हणजे पाय आहे तेवढाच राहतो आणि धड आखूड होतं. म्हणून सीटची जुनी उंची पायाला बरोबर असते, पण तेच हँडल आता लांब आणि खाली वाटायला लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

आधी काय बघायचं, सीट की हँडल?

सीट. तक्रार हँडलची असली तरी सुरुवात सीटपासून. सीट दोन सेंटिमीटर खाली गेली की हँडल आपोआप दोन सेंटिमीटर वर आल्यासारखं होतं, आणि मग हँडलची उंची ठरवताना गणित चुकतं. आधी सीटची उंची, मग सीट पुढे-मागे, मग तिचा कल, आणि शेवटी हँडल. हात घालायच्या आधी सीटच्या दांडीवर आणि हँडलच्या नळीवर आता आहे तिथं चिकटपट्टीची खूण करून ठेवा. नाही जमलं तर मागे फिरता येतं.

सीटची उंची कशी ठरवायची?

सायकल भिंतीला लावा. रोज ज्या चपलेत किंवा बुटात चालवता तेच पायात घाला, सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता पावलाचा पुढचा भाग, अंगठ्याच्या मागचा फुगीर भाग, पायडलवर आणला की गुडघ्यात जेवढा बाक यायला हवा तेवढा येतो. तो साधारण पंचवीस ते पस्तीस अंश असतो.

ज्यांना आकड्यांत बघायचं आहे त्यांनी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहावं, दोन्ही पायांत जाडसर पुस्तक घट्ट वर ओढून धरावं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावं. त्या मापाला ०.८८३ ने गुणलं की पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या ॲक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. माप ७८ सेंटिमीटर आलं तर सुमारे ६९. साठीपुढच्या माणसाला मी यातून एखादा सेंटिमीटर कमीच धरतो.

दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीजवळ असेल तर सीट बहुतेक खाली असते. गुडघ्याच्या मागे शीर ओढल्यासारखी वाटत असेल तर ती वर असते. आपल्याकडे जुन्या सायकली पावलाच्या मधल्या खळग्याने मारायची सवय आहे. त्यामुळे पाय आखूड पडतो आणि सीट उंच असल्याचा भास होतो. आधी पाऊल नीट ठेवून बघा.

एवढ्या उंचीवर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत. भीती वाटते.

ही भीती खरी आहे, तिला हसू नये. बसल्या बसल्या दोन्ही पाय पूर्ण टेकायला हवेत म्हणून सीट खाली घेतली तर गुडघे छातीकडे येतात आणि सहा महिन्यांत दुखायला लागतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय खाली टेकायचा, ही सवय लावून घ्या. ज्यांना एकदा पडल्यामुळे धास्ती बसली आहे त्यांनी सीट दोन सेंटिमीटर खाली ठेवून सुरुवात करावी आणि आठवड्याला अर्धा सेंटिमीटर वर न्यावी. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानासारख्या मोकळ्या जागी चढण्या-उतरण्याचाच सराव करा, रस्त्यावर नको.

हँडल किती उंच हवं?

तरुण, लवचीक माणसाला हँडल सीटच्या बरोबरीला किंवा खाली चालतं. पन्नाशीनंतर निदान बरोबरीला आणा. साठीनंतर दोन ते पाच सेंटिमीटर वर. बसल्यावर कोपरात थोडा बाक राहिला पाहिजे, खांदे कानाकडे चढलेले नकोत, आणि मान न उचलता समोरचा रस्ता पन्नास पावलं तरी दिसला पाहिजे. एका वेळी एक-दोन सेंटिमीटरच बदला आणि मधे चार दिवस जाऊ द्या.

उंचीइतकंच अंतरही महत्त्वाचं. हँडल लांब असेल तर हात ताठ होतात आणि रस्त्यातल्या खड्ड्याचा दणका थेट मानेत जातो. हे अंतर कमी करायला काही जण सीट पुढे सरकवतात. तसं करू नका, गुडघ्याचं गणित बिघडतं. सीट पायासाठी लावायची आणि हँडल हातासाठी.

जुन्या काळ्या सायकलीचं हँडल वर कसं घ्यायचं?

ही सायकल म्हणजे आपल्या भागाचा कणा. लोखंडी रिमची, रॉडच्या ब्रेकची. हिचं हँडल वर घेता येतं हेच अनेकांना माहीत नसतं.

हँडलच्या नळीच्या माथ्यावर मधोमध एक बोल्ट आहे. तो चार-पाच वेढे सैल करा, पूर्ण काढू नका. बोल्टचं डोकं वर आलेलं दिसेल, पण हँडल हलणार नाही, कारण आतली पाचर चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाच्या, नळीत घट्ट बसलेली असते. बोल्टवर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने एकच सरळ ठोका द्या. टक्क असा आवाज होतो आणि बोल्ट खाली बसतो. पाचर सुटली. आता पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरा आणि हँडल डावी-उजवी फिरवत वर घ्या. येळ्ळूरच्या एका दूधवाल्या मामांच्या सायकलीवर हे करताना नळीचा झाकलेला भाग बाहेर आला, तर तिथली कल्हई नव्यासारखी चमकत होती आणि बाहेरचा भाग गंजून तांबडा झालेला. "घेतली तशी हिला कुणी हात लावलाच नाही बघा," मामा म्हणाले. चार सेंटिमीटर वर आलं. पुढच्या रविवारी ते फक्त मान हलवून दाखवायला आले होते.

नळी गंजून धरली असेल तर जोर लावू नका. जोडावर तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा ठोका. परत बसवताना नळीला ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर आपल्या पावसात पुढच्या वर्षी तीच कथा.

दोन गोष्टी जिवाशी आहेत. पहिली, नळीवर कमीत कमी किती आत हवं त्याची रेघ असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये. जुन्या नळीवर रेघ नसेल तर निदान सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं, आत ठेवा. त्याहून वर घेतलं तर पाचर चिमट्याच्या नळीच्या आटे पाडलेल्या पातळ भागात येऊन फुगते आणि तिथं चीर पडू शकते. मी एकदा घाईत सायकल एका दुकानात दिली होती. रेघ बोटभर बाहेर ठेवून हँडल आवळलेलं होतं, आणि मला ते कळलं पुलाच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर, हँडल हातात डुलायला लागलं तेव्हा. उतरून चालत घरी आलो. तेव्हापासून दुसऱ्याने आवळलेलं हँडल मी तपासल्याशिवाय चालवत नाही, तुम्हीही चालवू नका.

दुसरी, रॉडचे ब्रेक. हँडल वर गेलं की रॉडही वर ओढले जातात आणि ब्रेकचे रबर खालून रिमला जाऊन टेकतात. चाक जाम होतं. म्हणून रॉडच्या जोडावरचे नट सैल करून रॉडची लांबी पुन्हा जुळवायची, आणि दोन्ही ब्रेक तपासल्यावरच सायकल रस्त्यावर काढायची.

आवळून झाल्यावर चाक गुडघ्यांत धरून हँडल बेताच्या जोराने पिळून बघा. हलता कामा नये.

मुलाने दिलेल्या गिअरच्या सायकलीचं हँडल असं वर सरकत नाही. काय करू?

नव्या सायकलींत रचना वेगळी असते. तिथं हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, चिमट्याच्या नळीला बाहेरून आवळलेला असतो. त्याच्या वर-खाली ज्या कड्या दिसतात त्या स्पेसर. वर कड्या असतील तर त्या स्टेमच्या खाली घ्या, तेवढं हँडल वर येतं. कड्या नसतील तर स्टेम काढून उलटा बसवा. पुष्कळ स्टेम तिरके असतात, खाली झुकलेला तोच तुकडा उलटा केला की वर बघतो. एवढ्यानेही भागलं नाही तर जास्त कोनाचा, आखूड स्टेम घ्या, किंवा नळीची उंची वाढवणारा जोडतुकडा मिळतो तो बसवा. चिमट्याची नळी कार्बनची असेल तर मात्र जोडतुकडा नको.

क्रम पाळा. आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट सैल करा, मग माथ्यावरची टोपी काढा. बसवताना उलटं: टोपी हलकेच आवळा, हँडल चाकाच्या रेषेत आणा, मग बाजूचे बोल्ट. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. टोपीचं काम फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढण्याचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. माथ्याशी खटखट जाणवली तर टोपी सैल आहे, हँडल जड फिरत असेल तर ती फार आवळली आहे.

सरळ दांड्याचं हँडल काढून जुन्या सायकलीसारखं मागे वळलेलं बसवता येईल का?

येईल, आणि माझ्या मते साठीनंतरचा सगळ्यात चांगला बदल हाच. सरळ हँडलवर मनगट वाकडं राहतं. मागे वळलेल्या हँडलवर तळवे एकमेकांसमोर येतात, हात आपसूक खाली सोडल्यावर असतात तसे, आणि हँडल अंगाजवळही येतं. मुठीची जाडी दोन्हीकडे बहुधा सारखीच, २२.२ मिलिमीटर, त्यामुळे ब्रेकचे दांडे आणि गिअर उचलून तिकडे लागतात. मधल्या भागाची जाडी मात्र बघा. ती २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असते आणि स्टेमशी जुळली पाहिजे. हँडल स्टेमपेक्षा बारीक असेल तर तयार धातूची पट्टी मिळते. रबर किंवा पत्रा कापून घालू नका. केबल आखूड पडल्या तर नव्या घाला. हँडल पूर्ण वळवून बघा, कुठलीही केबल ताणली जाऊ नये.

बोटांना मुंग्या येतात.

कुठल्या बोटांना ते आधी सांगा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेची नस हँडलवर दाबली जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगटाच्या मधली नस, आणि तिथं मनगट मागे मोडलेलं असण्याची शक्यता जास्त. पहिल्या प्रकारात हँडल वर घ्या म्हणजे हातावरचा भार कमी होईल, आणि तळवा टेकायला रुंद जागा असलेले ग्रिप लावा. दुसऱ्यात ब्रेकचा दांडा फिरवून असा लावा की कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील. सीटचं टोक फार खाली झुकलेलं असेल तरीही माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट ठेवा, फार तर एक-दोन अंश खाली.

सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा तासन्‌तास राहत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर पाना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

हँडल वर घेतलं तरी मान दुखते.

चष्मा बघा. खाली वाकून चालवताना डोळे वर करून बघावं लागतं आणि नजर चष्म्याच्या वरच्या काठावरून जाते. मग माणूस नकळत मान आणखी मागे मोडतो. चष्मा नाकावरून घसरत असेल तर हे दुप्पट होतं. खानापुरातल्या एका रिटायर बाईंची मान फक्त चष्म्याची काडी घट्ट केल्याने सुटली, हँडलला मी हातही लावला नाही. पावसाळ्यात रेनकोटची टोपी डोळ्यांवर आली तरी हेच होतं.

हँडल वर घेतल्यापासून बूड दुखायला लागलं.

होणारच. हातावरचा भार कुठंतरी जायला हवा, तो सीटवर गेला. ताठ बसणाऱ्याला रुंद, स्प्रिंगची सीट लागते, आणि वाकून चालवणाऱ्याची निमुळती सीट त्याच्या कामाची नाही. जुन्या सायकलीवर ती सीट असतेच, गिअरच्या सायकलवर बदलावी लागते. बसायची दोन हाडं सीटच्या रुंद भागावर टेकली पाहिजेत. बायकांची हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात, म्हणून त्यांची सीट रुंद.

वरून घालायचं जाड जेलचं कव्हर मला पसंत नाही. हाडं त्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. पुरुषांना मांड्यांच्या मधे बधिरपणा येत असेल तर लाजून गप्प बसू नका. मधे खाच असलेली सीट घ्या, सीटचं टोक वर उचललेलं नाही ना बघा आणि दर पाच-दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहा.

पुरुषाने लेडीज सायकल चालवली तर लोक काय म्हणतील?

काही म्हणोत. दांडीवरून पाय मागे टाकून उतरणं हा साठीनंतरचा सगळ्यात धोक्याचा क्षण आहे, त्यातही कॅरियरवर ओझं असेल तर पाय अडकतोच. खाली वाकलेल्या फ्रेमच्या सायकलीत पाय पुढून काढता येतो. खुबा किंवा गुडघा दुखणाऱ्याला दुसरा मार्गच नाही. चोवीस इंची उंच फ्रेमची सायकल वडिलांची आठवण म्हणून ठेवा, रोज चालवायला पाय सहज ओलांडेल अशी घ्या. मी स्वतः आता अशीच चालवतो.

ब्रेक दाबायला मुठीत जोर राहिला नाही.

केबलच्या ब्रेकच्या दांड्यावर मुठीजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडा बोटांच्या जवळ येतो. केबल गंजली असेल तर बदला, अर्धा जोर तिथंच वाया जातो. लोखंडी रिम ओल्या झाल्या की ब्रेक फार उशिरा लागतो. जून ते सप्टेंबर हा फरक रोज लक्षात ठेवायचा, चौक येण्याच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायच्या.

गुडघा बदलला आहे. चालवू का?

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी आधी. पायडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा सुमारे ११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर घरातल्या स्थिर सायकलवर आधी अर्धे फेरे, मागे-पुढे. सीट नेहमीपेक्षा किंचित वर ठेवली आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आखूड घेतला, नेहमीच्या १७० मिलिमीटरऐवजी १६० किंवा १६५ चा, तर गुडघा कमी वाकतो.

बॅटरीची सायकल घ्यावी का?

चढ झेपत नसेल तर घ्या. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर तिला नोंदणी किंवा लायसन लागत नाही. वजन मात्र जास्त असतं. दुकानात स्टँडवरून उतरवून, उचलून, ढकलून बघा. आणि तिचं हँडल-सीटसुद्धा वर सांगितलं तसंच लावावं लागतं. मोटर मानेचं दुखणं काढत नाही.

बाजाराची पिशवी हँडलला अडकवली तर चालते का?

हँडल वर घेतल्यावर तर मुळीच नको. उंच हँडलला लटकलेली चार किलो भाजी प्रत्येक वळणावर झोका देते, पिशवी तारांत जाऊ शकते, आणि सावरायला आता पूर्वीइतका वेळ मिळत नाही. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंना सारखं वजन, शक्य तेवढं खाली. दुधाचे कॅन असतील तर दोन्ही सारखे भरा, किंवा एकच असेल तर दुसऱ्या बाजूला काहीतरी बांधा. ताठ बसल्याने भार आधीच मागे गेलेला असतो, त्यात कॅरियर भरला की चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल डगमगतं. तिथं कंबरेतून थोडं पुढे झुका, नाहीतर उतरून ढकला.